संकटमोचन पीडाशमन

तिसगावचा बाजार उद्याचा होता, पण गर्दी आजच झाली होती. बन्सीशेठच्या आडतीपुढं माणसांचं कडं पडलं होतं. मागच्यांना दिसेना म्हणून दोघं-चौघं ज्वारीच्या कट्ट्यांवर चढले होते आणि शेठ त्यांना उतरा म्हणायचंही विसरले होते.

मधोमध पाट होता, पाटावर लाल फडकं. फडक्यावर कॉम्प्युटरच्या मागून काढलेला पत्र्याचा डबा, हळदीकुंकू लावलेला, वर झेंडूच्या पाकळ्या टाकलेला. त्यातून रंगीत तारांचा झुबका लोंबत होता. आणि डब्यामागं मांडी घालून बसले होते करंटबाबा. दाढी पांढरी, भुवया काळ्या, कफनी भगवी आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ.

"या डब्याला काय म्हणतात?" बाबांनी विचारलं.

"एसएमपीएस," शेठच्या दुकानात बिलं करणारा कानिफनाथ म्हणाला.

"म्हणजे काय?"

कानिफनाथनं शेठकडं बघितलं, शेठनं डब्याकडं. नाव सगळ्यांना ठाऊक, अर्थ कुणालाच नाही, असल्या शब्दांवरच बाबांचं पोट चालत होतं.

"एस म्हणजे संकट. एम म्हणजे मोचन. पी म्हणजे पीडा. एस म्हणजे शमन. संकटमोचन पीडाशमन. आपल्याच पोथीतून गोऱ्यांनी पळवलं आणि आता आपल्यालाच विकतात."

गर्दीतून एक हुंकार उठला. चोरी उघडकीला आली की माणसाला बरं वाटतंच.

बाबांचा शिष्य हर्षल यानं डब्याची वायर बोर्डात खुपसली आणि बटण दाबलं. काही झालं नाही.

"हलतो का?" बाबा म्हणाले.

"न्हाई."

"श्वास घेतो का?"

"न्हाई."

"कसा घेईल? मढं आहे." बाबांनी डोळे मिटले, ओठ पुटपुटले आणि पिशवीतून लाल-पिवळा दोरा काढला. तारांच्या टोकाला चोवीस भोकांचा चपटा प्लग होता. दोऱ्याचं एक टोक त्यांनी हिरव्या तारेच्या भोकात सारलं. "हिरवा म्हणजे बुध." दुसरं टोक शेजारच्या काळ्या तारेच्या भोकात. "काळा म्हणजे शनी. बुध-शनीची गाठ पडली की..."

डब्यातला पंखा घर्र करून फिरला. झेंडूच्या पाकळ्या उडून पहिल्या रांगेतल्या बायकांच्या पदरावर पडल्या.

"आगं बया," गोजरबाई म्हणाली. ती शेंगा विकायला बसायची आणि तिला कशाचंच फारसं नवल वाटत नसे. "श्वास घ्यायला लागलं की हे."

माणसं वाकली. त्या वाकलेल्यांत विजयमालाबाईही होत्या. त्यात लपवण्यासारखं काही नाही. बाई पहाटे तुळशीला पाणी घातल्याशिवाय स्वतः पाणी पीत नसत. एकादशी, संकष्टी, सोमवार काही चुकत नसे. कुठं हात जोडलेले दिसले की त्यांचे हात आपोआप जुळायचे. आणि आज तर त्यांना गरज होती.

बाजारतळाच्या वरच्या अंगाला, बन्सीशेठच्याच गाळ्यात बाईंचा टायपिंगचा क्लास होता. सहा कॉम्प्युटर, बारा मुली. त्यातला एक कॉम्प्युटर परवा फट् आवाज करून बंद पडला, जळका वास आला. शनिवारी परीक्षा केंद्राची तपासणी होती. सहाच्या सहा चालू दिसले तर परीक्षा तिसगावात, नाही तर केंद्र नगरला. आणि केंद्र नगरला गेलं की अर्ध्या मुली गळणार, हे बाईंना बोटांवर मोजता येत होतं. पहिलं बोट नाझनीनचं. तिच्या बापाचं, दिलावरचं, बाजारतळावर गाद्यांचं दुकान होतं. त्यानं सांगून ठेवलं होतं, "गावात हाय तवर शिक. नगरला जायचं असंल तर त्या टायपिंगला इथूनच सलाम."

नाझनीन मिनिटाला चाळीस शब्द मारायची. बाईंच्या हाताखालून अशी बोटं पंधरा वर्षांत गेली नव्हती.

"बाई, काळजी सोडा," बन्सीशेठ म्हणाले. "माझा कॉम्प्युटर यांनीच बरा केला. पूर्वी अडकायचा, आता घोड्यावानी पळतो. आन् वजन बघा." त्यांनी लाल कापडात शिवलेला नवा डबा आडतीच्या काट्यावर ठेवला. दोन किलो तीनशे. शेजारी हर्षलनं दिलेला कुठलासा जुना ठेवला. नऊशे ग्रॅम. "काटा खोटं बोलत न्हाई. वजन हाय म्हंजे माल हाय."

उभा जन्म धान्य तोलण्यात गेलेल्या माणसाला याहून मोठा पुरावा तो कुठला?

"हलका डबा, हलकी शक्ती," बाबा म्हणाले. "आमचा साडेपाचशे वॅटचा. म्हणजे काय? साडेपाचशे आवर्तनं करून सिद्ध केलेला. दक्षिणा हर्षल सांगेल."

दक्षिणेचा आकडा हर्षल कानात सांगत असे. ज्याच्या कानात सांगे त्याचा कान लाल होई.

दुपारी बाबांची स्वारी क्लासात आली. हर्षलनं बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला डबा काढला, बोर्डाला लावला. पंखा हलला नाही.

"मृत," बाबा म्हणाले. "बाकीचे बघू."

"बाकीचे चालू आहेत," बाई म्हणाल्या. बाई इतक्या हळू बोलायच्या की क्लासात त्यांना काही सांगायचं असलं की मुली कीबोर्डवरची बोटं थांबवत.

"माई, बाधा एकाला झाली की दावणीला पसरते. काढ रे."

शेठ मागं उभे होते, गाळा त्यांचा होता. बाई बाजूला झाल्या. हर्षलनं पाचही डबे स्क्रू काढून बाहेर घेतले आणि एकेक करून बोर्डाला लावले. एकाचाही पंखा फिरला नाही. दारात जमलेल्या माणसांत कुजबुज सुरू झाली.

"सहाच्या सहा मेले," बाबांनी निकाल दिला.

"पण हे पाच सकाळी चालू होते," नाझनीन म्हणाली. "मी सव्वा तास टाईप केलं त्याच्यावर."

बाबा हसले. "पोरी, मान कापलेली कोंबडीसुद्धा अंगणभर पळते. ती काय जिवंत असते?"

माणसं हसली. नाझनीन खाली बघू लागली. बाईंच्या मनात मात्र ते वाक्य काही उतरेना. कोंबडी पळते खरी, पण सव्वा तास पळून वर मराठीचे दोन उतारे बिनचूक काढून देत नाही.

"उद्या बाजारात सगळ्यांसमोर सहा सिद्ध डबे देऊ," बाबा म्हणाले आणि खात्रीसाठी आपल्या डब्याचा प्राण पुन्हा एकदा जागवून दाखवला. दोरा लावला, पंखा फिरला. दोरा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि पाण्याचा तांब्या उचलला.

बाईंची नजर दोऱ्यावर गेली. बस्स, तेवढ्या एका घोटात जे काही व्हायचं ते झालं.

लग्न झाल्यापासून बाई दर वर्षी अनंताचा दोरा बांधत होत्या. वडाला सूत गुंडाळत होत्या, कलशाला पाच फेरे देत होत्या. सुताचा स्वभाव त्यांना स्वतःच्या हाताइतका माहीत होता. सूत लोळतं. कसंही ठेवा, अंग टाकून पडतं. हा दोरा मात्र टेबलावर कमान करून उभा होता. दोन्ही टोकं खाली, पाठ वर, मांजरासारखी.

बाबांनी पाणी पिऊन दोरा चटकन पिशवीत टाकला. टाकताना तो टेबलाच्या लोखंडी पट्टीला लागला आणि टिक् असा आवाज आला.

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर बाईंनी नाझनीनला बोलावलं. "तुझे मामा सुप्याला कंपनीत आहेत ना, इलेक्ट्रिकचं बघतात?"

"फैयाजमामू? व्हय. उद्या सुट्टी हाय त्यांना."

"लाव फोन."

फोन दहा मिनिटं चालला. बाई जास्त ऐकतच होत्या. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "हात लावला तर धोका नाही ना?" मग म्हणाल्या, "बरं. चपट्या प्लगला धोका नाही. आणि डबा उघडायचा झाला तर तुम्हीच उघडायचा. या सकाळी."

दुसऱ्या दिवशी बाजार भरला. बाबांनी पाट मांडला. शेजारी लाल कापडात शिवलेले सहा डबे ओळीनं ठेवले, त्यांच्यापुढं बाईंचे सहा "मृत" डबे, मयताला आणल्यासारखे. संकट, मोचन, पीडा, शमन झालं. बुध-शनीची गाठ पडली. पंखा फिरला, पाकळ्या उडाल्या.

विजयमालाबाई पुढं झाल्या, पदर सावरून पाटापुढं बसल्या. "बाबा, माझं नेमाचं व्रत आहे. प्रसाद म्हणून एक दोरा मिळेल का?"

बाबा प्रसन्न झाले. गुंडीतून त्यांनी हातभर दोरा तोडून दिला. बाईंनी तो कपाळाला लावला, तळहातावर ठेवला. दोरा लोळला. सूत होतं.

"हा पण मंतरलेलाच ना?"

"अर्थात. सगळी गुंडी सिद्ध आहे."

"मग पंख्याला हाच लावा," बाई म्हणाल्या.

बाबांचा हात जपमाळेवर थांबला. "तो तुमच्यासाठी आहे, माई."

"मी परत देते की. प्राण एकाच गुंडीतला."

"आरं लाव की बाबा," गोजरबाई म्हणाली. "बाई एवढं म्हणत्यात. दोऱ्यानं काय घोडं मारलंय?"

बाबांनी दोरा घेतला. सुताची टोकं भोकात शिरता शिरेनात. थुंकी लावून सारली. पंखा ढिम्म. बाबा पुटपुटले. पंखा ढिम्म. बाबा मोठ्यानं पुटपुटले.

"कुणाची तरी सावली पडते आहे," ते म्हणाले. "विटाळ झाला आहे इथं."

"विटाळ आसंल तर मघाचा पंखा कसा फिरला?" गोजरबाई म्हणाली. "मघा काय आमी घरी हुतो?"

बाईंनी पाटावरचा पहिला दोरा उचलला. तो त्यांच्या बोटांत ताठ उभा राहिला. "दिलावरभाई, जरा इकडं या. कापूस तुमच्याइतका कुणाला कळत नाही."

दिलावर पुढं आला. त्यानं दोरा दोन बोटांत चोळला, नखानं टोक सोललं. लाल धागा सुटला, पिवळा सुटला, आणि आतून तांब्याची बारीक तार उन्हात चमकली.

"बाबा," दिलावर शांतपणे म्हणाला, "आमच्यात गादीत कापसाऐवजी चिंध्या घातल्या तर गिऱ्हाईक कानशिलात मारतंय. तुमच्यात काय पद्धत हाय?"

गर्दीत हसू फुटलं. हर्षल मात्र हसला नाही. तो मागं सरकत गाडीकडं निघाला होता, पण गाडीच्या पुढ्यात शेंगांची पाटी होती आणि पाटीवर गोजरबाईचा पाय होता.

"तार असेना का," बन्सीशेठ अजून दम धरून होते. "पण बाईंचे डबे तर मेलेच ना? डोळ्यांनी बघितलं सगळ्यांनी."

"नाझनीन," बाई म्हणाल्या.

नाझनीननं केसांतली दोन टोकांची पिन काढली. ओळीतला पहिला डबा घेऊन बोर्डाला लावला. पिनेचं एक टोक हिरव्या तारेच्या भोकात, दुसरं काळ्या. पंखा फिरला. दुसरा घेतला, फिरला. तिसरा, चौथा, पाचवा. बाजारतळावर इतकी शांतता झाली की पाचही पंख्यांची वेगवेगळी घरघर ओळखू यावी.

"हिला कुठला मंत्र येतो?" बाईंनी विचारलं. "ही तर ओठसुद्धा हलवत नव्हती."

मग फैयाज पुढं झाला. बुटका, अंगावर कंपनीचा निळा शर्ट. "सोपं हाय," तो म्हणाला. "एसएमपीएस म्हंजे स्विच मोड पॉवर सप्लाय. भिंतीतली वीज दांडगी असती. ती कॉम्प्युटरला पचंल अशी मऊ करून द्यायची, एवढंच ह्या डब्याचं काम. पन हा डबा हुकमाचा गडी हाय. नुसतं भिंतीतलं बटण दाबलं तर हा उठत न्हाई. कॉम्प्युटरचं बटण दाबलं की आतला बोर्ड हिरवी तार काळीला जोडतो. तो ह्याचा हुकूम. कॉम्प्युटरातनं बाहेर काढून ठिवला तर हुकूम कोन देनार? नवाकोरा डबा आना, तोबी असाच मुक्यानं बसंल. मेला न्हाई तो, वाट बघतोय."

"म्हंजे जित्याला मेला म्हनायचं आन् मग त्याच्याच तेराव्याचा शिरा खायचा," गोजरबाई म्हणाली.

सहावा डबा नाझनीनच्या हातात होता. तिनं पिन लावली. हा मात्र फिरला नाही. गर्दीत चुळबुळ झाली, बाबांच्या चेहऱ्यावर जरा रंग परतला.

"हा खरंच गेला आहे," बाई म्हणाल्या. "जळका वास आलाच होता. याला मंत्रही नको आणि पिनही नको. हा भंगारात."

खोटं पकडायला निघालेल्या माणसानं आपली पडती बाजू न झाकता सांगितली, तिथं बाबांचा उरलासुरला पाय घसरला.

"आता ह्यांचं बघू," फैयाज म्हणाला. त्यानं लाल कापडाची शिवण उसवली. "हे उघडू नका बरं का घरी कुनी. वायर काढली तरी आत करंट साठून ऱ्हातो. मला ह्याचा पगार मिळतो." त्यानं चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आत एका कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढी चिमुकली पट्टी होती, तिच्यावर दोन-चार बारके भाग. उरलेल्या जागेत चिकटपट्टीनं बसवलेला होता शहाबादी फरशीचा तुकडा.

बन्सीशेठ पुढं वाकले. त्यांनी तो तुकडा उचलला. हातांनाच सवय होती, त्यांनी तोलून बघितला.

"दीड किलो," ते म्हणाले.

"शेठ, ह्याच्या अंगावर साडेपाचशे लिवलंय," फैयाजनं डबा उलटा केला. "पन खालची बारीक अक्षरं वाचा. बारा व्होल्टच्या रकान्यात काय हाय?"

शेठनं चष्मा चढवला. "आठ अँपिअर."

"कॉम्प्युटरची खरी भाकर ह्या रकान्यात असती. आता गुना, वॅट निघतील."

"बारा आठे शहाण्णव," शेठ म्हणाले. आयुष्यभर जो पाढा त्यांनी दुसऱ्यांना ऐकवला होता तो आज तोंडातून निघताना जड गेला.

"बाकीचं किरकोळ धरलं तरी दीडशेच्या वर जात न्हाई. साडेपाचशे नुसती अक्षरं हायत. आवर्तनं तरी केली आसतील का, कोन जाणे."

"माझ्या कॉम्प्युटरात पण हाच बसवलाय," बन्सीशेठ म्हणाले. "आन् तो मग पळायला कशानं लागला?"

"आत धूळ साठली आसंल," नाझनीन म्हणाली. "डबा बदलताना ह्यानं फडकं मारलं आसंल. धूळ निघाली की पळतोच."

"आन् माझा जुना?"

सगळ्यांनी पाटावरच्या डब्याकडं बघितलं, ज्याच्यावर झेंडू होता. कानिफनाथनं त्याच्या बाजूचं हळदीकुंकू बोटानं पुसलं. खाली आडतीचा शिक्का होता. शेठचाच चांगला डबा काढून घेऊन त्यावर दोन दिवस प्राणप्रतिष्ठा चालली होती, आणि शेठनं त्याला दोन्ही दिवस नारळ फोडला होता.

करंटबाबांना एकदम साधनेची वेळ आठवली. ते उठले. कुणी अंगाला हात लावला नाही, बाईंनी तसं आधीच बजावलं होतं. पण कडं सुटलंही नाही. फौजदार येईपर्यंत बाबा आपल्याच पाटावर बसून राहिले. कुणीतरी त्यांना विचारलं, "बाबा, आता पीडाशमन हुनार का?" बाबांनी डोळे मिटून घेतले. हा एवढाच काय तो मौनाचा प्रयोग त्यांना खरा साधला.

राहता राहिला सहावा कॉम्प्युटर, आणि दिवस उरला होता एक. बाई फैयाजबरोबर पाथर्डीच्या दुकानात गेल्या. दुकानदारानं तीन डबे पुढं ठेवले. एकात लाल-निळे दिवे लागत होते. बाईंनी तिन्ही उलटे केले आणि बारीक अक्षरं वाचायला घेतली.

"तुमाला सवय दिसती," फैयाज म्हणाला.

"उपवासाचा म्हणून विकतात त्या चिवड्यात काय काय असतं, एकदा पुड्यामागं वाचा," बाई म्हणाल्या. "पुढची अक्षरं विकणाऱ्याची, मागची घेणाऱ्याची."

दिव्यांच्या डब्यात बारा व्होल्टला बारा अँपिअर होते आणि पुढं लिहिलं होतं पाचशे. बाईंनी तो बाजूला सारला. दुसऱ्याला हमी नव्हती, दुकानदार बिलही देईना. तिसरा दिसायला बावळा, काळा, दिवा-बिवा काही नाही. अंगावर साडेचारशे, बारा व्होल्टच्या रकान्यात चौतीस अँपिअर, म्हणजे चारशे आठ वॅट, उरलेले किरकोळ रकान्यांत. लपवण्यासारखा फरक नव्हता. तीन वर्षांची हमी, पक्कं बिल. टायपिंगच्या कॉम्प्युटरला तेवढंही खूप झालं. तो घेतला. त्याचं वजन कुणी केलं नाही.

शनिवारी तपासणीला साहेब आले. त्यांनी सहा बटणं दाबली, सहा पडदे उजळले. साहेबांनी सही केली, चहा नको म्हणाले आणि तरी घेतला. परीक्षा तिसगावात राहिली. दिलावर गाळ्याच्या दारात उभा होता. सही झाल्यावर तो नाझनीनच्या खुर्चीवरची चपटी झालेली गादी काढून घेऊन गेला आणि तासाभरानं तिथं नवी भरलेली आणून ठेवली.

साहेब गेल्यावर गोजरबाई शेंगांची पुडी घेऊन आत आली. "बाई, एक इचारू? तुमी येवढ्या देवाच्या. पारण्याशिवाय घास न्हाई घेत. मग सगळ्या गावाच्या आधी तुमालाच कसा वास आला?"

बाईंनी पुडी टेबलावर ठेवली. मुलींनी सवयीनं कीबोर्डवरची बोटं थांबवली.

"मावशी, तीस वर्षं मी देवाला फूल वाहते. त्यानं एकदाही मला पंखा फिरवून दाखवला नाही, आणि मी मागितलाही नाही. ज्याला करून दाखवावं लागतं आणि वर कानात आकडा सांगावा लागतो, तो देवाचा माणूस नाही, दुकानदार आहे. आणि दुकानात गेलं की काय करायचं? विचारायचं. हाच दोरा का, तो का नाही? सकाळी चालू होतं ते दुपारी मेलं कसं? कापड शिवून का दिलं? असं विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो बाबा. कोण रागावतं, तेवढं बघत चला."

"आन् इचारायला भ्या वाटलं तर?"

"तर दुसऱ्या कुणाला तरी बरोबर घेऊन जायचं," बाई म्हणाल्या. "पण विचारल्याशिवाय परत यायचं नाही."

मग त्यांनी मुलींकडं वळून घड्याळ लावलं, आणि सहाही कीबोर्ड एकदम वाजायला लागले.